सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या मीडिया कंपनीचा शेअर घ्यायचा का? नवख्या गुंतवणूकदारासाठी पायरी-पायरीने

इंदूरमध्ये सुपर कॉरिडॉर आणि विजयनगरकडे नोकरीला लागलेली आमच्या घरांतली मुलंमुली पहिले दोन-तीन पगार हातात पडले की डीमॅट खातं उघडतात. मग त्यांचा एक प्रश्न हमखास येतो: घरोघरी ओटीटी आहे, सगळेच पैसे भरतात, तर त्या कंपन्यांचे शेअर का घेऊ नयेत? प्रश्न चांगला आहे. जो माल आपण रोज वापरतो त्यामागचा धंदा समजून घ्यावासा वाटणं, ही गुंतवणुकीची निरोगी सुरुवात आहे. फक्त माल आवडणं आणि धंद्यात पैसा उरणं यांत बरंच अंतर असतं. सबस्क्रिप्शनच्या धंद्यात ते अंतर कसं मोजायचं, ते ज्यानं कधी वार्षिक अहवाल उघडलेला नाही त्याच्यासाठी इथे क्रमानं लिहितो.

या धंद्याचा आराखडा इंदूरच्या मराठी माणसाला खरं तर ठाऊक आहे. सानंद न्यास या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेचे सभासद वर्षाचं शुल्क भरतात. रामुभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार असे त्यांचे पाच गट आहेत, आणि मुंबई-पुण्याहून आलेलं एकच नाटक या पाचही गटांसाठी होतं. पैसे आधी जमा होतात. नाटक आणण्याचा खर्च पाच प्रयोगांवर वाटला जातो. आणि सभासदानं पुढच्या वर्षी पुन्हा शुल्क भरलं तरच पुढचा हंगाम उभा राहतो. सानंद नफ्यासाठी काम करत नाही, म्हणून तुलना इथेच थांबवू. पण ओटीटी असो, डीटीएच असो की पैसे देऊन वाचायचं बातम्यांचं ॲप, सगळ्यांचा सांगाडा हाच आहे. त्यात मी सगळ्यात जास्त वजन शेवटच्या गोष्टीला देतो: दुसऱ्या वर्षी, सवलत संपल्यावर, पूर्ण पैसे देऊन किती लोक थांबले?

पायरी १: पैसा नक्की कोण देतंय ते बघा

‘सबस्क्रिप्शन’ हा शब्द कंपनीच्या सादरीकरणात आहे म्हणून ती सबस्क्रिप्शनवर चालते असं होत नाही. वर्तमानपत्राचंच घ्या. आपण महिन्याला हॉकरचं बिल देतो, म्हणजे आपण सबस्क्रायबर. पण भारतात पेपरची किंमत छपाई-कागदाच्या खर्चापेक्षा कमी असते आणि घर चालतं जाहिरातीवर. दैनिक भास्कर काढणारी डीबी कॉर्प जानेवारी २०१० पासून शेअरबाजारात आहे. तिचे आकडे पाहिले तर ढोबळमानानं सत्तर टक्के उत्पन्न जाहिरातींचं आणि पाचवा हिस्सा वाचकांकडून आलेला दिसतो. १९४७ साली इंदूरमध्ये सुरू झालेली, राहुल बारपुत्यांसारख्या मराठी संपादकानं घडवलेली ‘नई दुनिया’ २०१२ मध्ये जागरण प्रकाशननं घेतली. जागरणही सूचीबद्ध (शेअरबाजारात नोंदलेली) आहे आणि तिथेही जाहिरातच मोठी. या कंपन्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांचा शेअर घेताना निवडणुका, सणासुदीचा हंगाम, मोटार आणि बांधकाम कंपन्यांची जाहिरातबाजी याचा अंदाज करावा लागतो. वाचकाची निष्ठा तिथे दुय्यम.

याउलट न्यूयॉर्क टाइम्स. मार्च २०११ मध्ये त्यांनी वेबसाइटवर पैसे मागायला सुरुवात केली. २०२३ मध्ये कंपनीचं उत्पन्न सुमारे २.४३ अब्ज डॉलर होतं, त्यातले १.६६ अब्ज वाचकांच्या वर्गणीचे. जिथे निम्म्याहून जास्त पैसा थेट वाचक-प्रेक्षकाच्या खिशातून येतो, तिथेच पुढच्या पायऱ्या पूर्ण लागू होतात.

हे कुठे सापडेल? बीएसई किंवा एनएसईच्या वेबसाइटवर कंपनीचा वार्षिक अहवाल असतो. त्यातल्या हिशेबाच्या टिपांमध्ये ‘रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स’ नावाची टीप शोधा. तिथे उत्पन्नाची फोड दिलेली असते. आणखी एक बारकावा. झी किंवा सन टीव्हीच्या अहवालात ‘सबस्क्रिप्शन’ असं लिहिलेली रक्कम मुख्यतः केबल आणि डीटीएचवाल्यांकडून येते. म्हणजे कंपनीचा खरा गिऱ्हाईक आपल्या गल्लीतला प्रेक्षक नसून वितरक आहे आणि भावाची घासाघीस त्याच्याशी चालते. मोबाइलच्या रिचार्जबरोबर मिळणाऱ्या ओटीटीचंही तसंच. त्या माणसानं रिचार्ज निवडलेला असतो. ॲप त्यानं निवडलंय का, हे रिचार्ज बदलल्यावर कळतं. असे ग्राहक संख्येत मोजले असतील तर वेगळे काढा. कंपनी वेगळे सांगत नसेल तर संशयाचा फायदा तिला देऊ नका.

पायरी २: विकत काय घेता येतं ते तपासा

ही पायरी छोटी आहे, पण इथेच अनेकांचा बेत बदलतो. जिओहॉटस्टारचा शेअर मिळत नाही. ती रिलायन्स, व्हायकॉम१८ आणि डिस्ने यांच्या संयुक्त कंपनीची सेवा आहे. रिलायन्सचा शेअर घेतला तर त्यात तेलशुद्धी, जिओ आणि किराणा दुकानं आधी येतात, ओटीटी शेवटी. नेटफ्लिक्स अमेरिकेत सूचीबद्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवून तो शेअर घेता येतो. मात्र वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते (तो नंतर विवरणपत्रात वळता होतो), आणि परदेशी शेअर विवरणपत्रात वेगळे दाखवावेच लागतात. एक-दोन शेअरसाठी ही खटपट करायची का, ते आधी ठरवा. भारतात निव्वळ सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या सूचीबद्ध मीडिया कंपन्या फार कमी आहेत. हाती काही लागलं नाही तर काही न घेणं हाही अभ्यासाचाच निष्कर्ष आहे.

पायरी ३: गळती मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कंपनीच्या बातमीत ‘एवढे कोटी ग्राहक’ हा आकडा मथळ्यात असतो. तो एका दिवसाचा फोटो आहे. आपल्याला हवी आहे गळती, म्हणजे महिन्याला शंभरातले किती सोडून जातात.

गळतीचे आकडे दिसायला लहान असतात. महिन्याला २ टक्के गळती असेल तर वर्षाच्या शेवटी मूळच्या १०० ग्राहकांतले ७८ उरतात. ५ टक्के असेल तर ५४. ८ टक्के असेल तर ३७. म्हणजे ८ टक्के गळतीची कंपनी तेवढीच मोठी राहायलाही दर वर्षी जवळजवळ दोन तृतीयांश गिऱ्हाईक नव्यानं शोधते, आणि ते शोधायला जाहिरात, सवलत, दलाली असा पैसा लागतो. ग्राहकसंख्या वाढती दिसते, पण आतून ते धावत्या पट्ट्यावरचं चालणं असतं.

भारतात याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आयपीएलचं आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे भारतातले डिजिटल हक्क व्हायकॉम१८ नं २३,७५८ कोटी रुपयांना घेतले. डिस्ने-स्टारकडे टीव्हीचे हक्क राहिले, त्यांच्याच हॉटस्टार ॲपकडचं आयपीएल गेलं. शिवाय व्हायकॉम१८ च्या जिओसिनेमा ॲपनं २०२३ चा हंगाम फुकट दाखवला. डिस्नेनं स्वतः जाहीर केलेले आकडे असे: ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला हॉटस्टारचे ६.१३ कोटी सशुल्क ग्राहक, एप्रिल २०२३ ला ५.२९ कोटी, जुलैला ४.०४ कोटी, सप्टेंबरअखेर ३.७६ कोटी. एका वर्षात दोन कोटींहून जास्त लोक गेले. यावरून एक कळतं की ते ग्राहक क्रिकेटचे होते. हॉटस्टारनं ते पाच-पाच वर्षांच्या भाड्यानं घेतले होते, आणि भाडेकरार संपल्यावर ते पुढच्या घरी गेले. म्हणून कुठल्याही कंपनीबद्दल विचारा: उद्या यांचं एकच मोठं आकर्षण दुसऱ्याकडे गेलं तर किती जण थांबतील? क्रिकेट, एक गाजलेली मालिका, एखादा लोकप्रिय पत्रकार, काहीही असू शकतं. न्यूयॉर्क टाइम्सनं शब्दकोडी, पाककृती, २०२२ मध्ये ५५ कोटी डॉलरला घेतलेलं खेळाचं संकेतस्थळ अशी जुळवाजुळव केली ती याच भीतीपोटी. बातमीचा जोर ओसरला तरी कोड्यासाठी माणूस रोज येतो.

भारतीय कंपन्या गळती क्वचितच सांगतात. तरी अंदाज काढता येतो. तिमाहीच्या सुरुवातीचे ग्राहक अधिक तिमाहीत नव्यानं जोडलेले, वजा शेवटी उरलेले. जी संख्या येईल तेवढे सोडून गेले. नव्यानं जोडलेल्यांचा आकडा निकालानंतरच्या विश्लेषक-बैठकीत बऱ्याचदा तोंडी सांगितला जातो. या बैठकीचा लिखित उतारा कंपनीच्या किंवा एक्स्चेंजच्या वेबसाइटवर असतो. नवख्यानं तो आवर्जून वाचावा. अहवालातली पानं चकचकीत असतात, उताऱ्यात मात्र विश्लेषक खोदून विचारतात आणि व्यवस्थापन कुठे अडखळतं ते दिसतं. एखादा आकडा चार तिमाह्या अभिमानानं सांगितला आणि पाचव्या तिमाहीत गायब झाला, तर तिथे पेन्सिलनं खूण करा. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीनंही २०२५ पासून दर तिमाहीची ग्राहकसंख्या देणं बंद केलं. तिथे नफा आणि रोकड इतकी मजबूत झाली होती की गुंतवणूकदारांनी ते पचवलं. नफा नसलेल्या कंपनीला तशी मुभा देऊ नये.

गळतीचं एक भारतीय कारण वेगळं आहे आणि परदेशी लेखांत ते सापडत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापण्यासाठी नव्यानं परवानगी नोंदवावी लागली आणि कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाणं बंधनकारक झालं. ५,००० रुपयांच्या वर प्रत्येक वेळी ओटीपी हवा, ही मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० झाली. ग्राहक म्हणून हे आपल्या हिताचं आहे. पण कंपनीच्या दृष्टीनं ज्यांना सोडायचं नव्हतं असेही लोक पैसे न कापले गेल्यानं सुटतात, आणि सूचना आली की ‘अरे, हे अजून चालूच आहे का’ म्हणून बंद करणारेही असतात. म्हणून विचारायचा प्रश्न: वार्षिक योजनेचे ग्राहक किती आणि यूपीआय ऑटोपेवर किती? वर्षाचे पैसे एकदम देणारा ग्राहक महिन्या-महिन्यावाल्यापेक्षा बराच भरवशाचा.

पायरी ४: एका ग्राहकामागे किती रुपये उरतात ते कागदावर मांडा

आता वही घ्या. समजा, मराठी बातम्या आणि मालिकांचं एक ॲप आहे, वर्षाची वर्गणी ९९९ रुपये. आकडे मी समजुतीसाठी घेतोय, पण खऱ्या कंपनीचे मिळाले की त्याच रकान्यांत भरायचे.

९९९ मध्ये १८ टक्के जीएसटी आलेला आहे. तो काढला की ८४७ उरतात. ग्राहकानं गुगल प्लेवरून पैसे भरले असतील तर १५ टक्क्यांपर्यंत कमिशन जातं. सुमारे १२७ रुपये. उरले ७२०. सर्व्हर, पेमेंटची फी, ग्राहकसेवा यांसाठी महिन्याला १० रुपये धरले तर वर्षाचे १२० गेले. हाती ६०० रुपये. म्हणजे जाहिरातीतला ९९९ चा आकडा कंपनीच्या गल्ल्यात येईपर्यंत ६०० होतो. नवख्याची पहिली चूक इथेच होते. तो ग्राहकसंख्येला ९९९ नं गुणतो.

नवा ग्राहक आणायला ४०० रुपये खर्च येतो असं धरा, आणि पत्रकार, लेखक, निर्मिती, कार्यालय हा ठरलेला वार्षिक खर्च १२ कोटी. आता नूतनीकरणाचा दर बदलून बघा. शंभरातले ४० जण दुसऱ्या वर्षी पैसे भरत असतील तर दर वर्षी ६० टक्के ग्राहक नवे आणावे लागतात, म्हणजे सरासरी प्रत्येक ग्राहकामागे २४० रुपये शोधखर्च. ६०० वजा २४०, उरले ३६०. बारा कोटी भागवायला ३ लाख ३३ हजार ग्राहक हवेत. नूतनीकरण ६० टक्के झालं तर उरतात ४४० आणि २ लाख ७३ हजार ग्राहकांवर भागतं. २० टक्क्यांवर घसरलं तर उरतात २८०, आणि ४ लाख २९ हजार ग्राहक लागतात.

वर्गणी तीच, खर्च तोच, ॲपही तेच. नुसत्या नूतनीकरणानं दीड लाख ग्राहकांचा फरक पडला. हे गणित एकदा स्वतःच्या हातानं केलं की ‘एक कोटी डाउनलोड’सारख्या मथळ्याकडे बघण्याची नजर बदलते.

दरडोई उत्पन्न, म्हणजे एका ग्राहकामागे कंपनीला मिळणारी सरासरी रक्कम, तपासताना देशागणिक आणि योजनेगणिक फोड मागा. एप्रिल २०२३ च्या तिमाहीत हॉटस्टारचा एक ग्राहक महिन्याला सरासरी साठ सेंटच्या आसपास, म्हणजे पन्नासेक रुपये देत होता. त्याच वेळी डिस्नेचा अमेरिकेतला ग्राहक सात डॉलरहून अधिक देत होता. एका अमेरिकन ग्राहकाची भरपाई करायला बारा भारतीय लागतात. नेटफ्लिक्सनं भारतात डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइल योजना १९९ वरून १४९ रुपयांवर आणली, ती इथल्या खिशाचा अंदाज आल्यावरच. ज्या कंपनीचं सादरीकरण अमेरिकेतले दर आणि भारताची लोकसंख्या यांचा गुणाकार करतं, ती बाजूला ठेवा.

पायरी ५: नफा आणि रोकड वेगवेगळ्या बघा

मालिका बनवायला आज १०० कोटी खर्च झाले तरी हिशेबात ते सगळे आजच खर्च म्हणून येत नाहीत. ती मालमत्ता धरली जाते आणि काही वर्षांत हप्त्याहप्त्यानं खर्ची पडते. त्यामुळे नफा दिसत असतानाही तिजोरी रिकामी होऊ शकते. नेटफ्लिक्सच्याच २०१९ च्या हिशेबात १.८७ अब्ज डॉलर निव्वळ नफा होता आणि मुक्त रोकड प्रवाह (सगळा खर्च प्रत्यक्ष भागवून हाती उरणारी रोकड) होता उणे ३.२७ अब्ज. मधली दरी कर्जानं भरली होती. पुढे ग्राहक टिकले, दर वाढवता आले, आणि २०२३ मध्ये मुक्त रोकड ६.९ अब्जांवर गेली. तिथे डाव जमला. प्रत्येक कंपनीचा जमत नाही आणि प्रत्येकीला तेवढं कर्जही मिळत नाही.

तर अहवालात रोख प्रवाहाचं पान उघडा आणि पाच वर्षांचा ‘कामकाजातून आलेली रोकड’ हा आकडा निव्वळ नफ्याशेजारी लिहा. दोन्ही बराच काळ वेगळ्या दिशेला जात असतील तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. मग ‘कंटेंट’ किती वर्षांत खर्ची टाकतात ते हिशेबाच्या धोरणात वाचा. नेटफ्लिक्स सांगते की सरासरी ९० टक्क्यांहून अधिक किंमत पहिल्या चार वर्षांत खर्ची पडते. कुणी दहा वर्षं धरत असेल तर आजचा नफा फुगलेला आहे, कारण जुन्या मालिका दहा वर्षं कोण बघतं?

निर्मात्यांना दिलेल्या आगाऊ रकमांवर विशेष लक्ष द्या. ही रक्कम वर्षानुवर्षं वाढत असेल आणि त्यातून चित्रपट-मालिका येताना दिसत नसतील, तर मामला गंभीर असू शकतो. जून २०२३ मध्ये शेअरबाजाराची नियामक संस्था सेबीनं इरॉस इंटरनॅशनल मीडियाविरुद्ध अंतरिम आदेश काढला तेव्हा अशाच आगाऊ रकमा आणि त्या बुडीत दाखवण्यावर प्रश्न उभे केले होते.

एक चांगली खूणही सांगतो. वार्षिक वर्गणी आधी घेतली की ती लगेच उत्पन्न धरता येत नाही. इंड एएस ११५ या लेखामानकानुसार ती ‘कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटी’ म्हणून देण्याच्या बाजूला बसते आणि महिन्या-महिन्यानं उत्पन्नात येते. बहुतेक ठिकाणी देणं वाढलेलं वाईट, इथे मात्र चांगलं. तो आकडा उत्पन्नापेक्षा वेगानं वाढत असेल तर लोक पुढच्या वर्षाचे पैसे आजच देताहेत. कंपनी गळती लपवू शकते, ही ओळ लपवणं अवघड.

पायरी ६: सरकारी नियम आणि फुकटचा पर्याय

डीटीएच हा देशातला एक जुना, मोठा सबस्क्रिप्शनचा धंदा, आणि नियमांनी धंदा कसा हलतो ते तिथे दिसतं. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या दरप्रणालीनं चॅनेलांचे भाव आणि पॅकेजं पार बदलली. पुढे पॅकेजमधल्या चॅनेलची कमाल किंमत १९ वरून १२ आणि पुन्हा १९ रुपये झाली. दुसऱ्या बाजूला डीडी फ्री डिश, ज्याला महिन्याचं बिलच नाही. माळवा-निमाडच्या गावांत घरांच्या छतांवर तिच्या छत्र्या सहज दिसतात. तिसऱ्या बाजूला मोबाइल. एके काळी ७ कोटींच्या आसपास असलेले डीटीएचचे सक्रिय सशुल्क ग्राहक मार्च २०२५ पर्यंत ६ कोटींच्या खाली आले. अशा धंद्यातला शेअर स्वस्त दिसतो, आणि आटत्या धंद्यात तो पुढच्या वर्षी आणखी स्वस्त दिसण्याची शक्यता असते.

पायरी ७: मालक कोण, कर्ज किती

प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी उभी करून तिचा ताबा ठेवणाऱ्यांचा, हिस्सा आणि त्यातला गहाण भाग दर तिमाहीच्या शेअरधारणेच्या तक्त्यात असतो. पाच मिनिटांचं काम आहे. जानेवारी २०१९ मध्ये झीचा शेअर एका दिवसात चतुर्थांशाहून जास्त पडला तो चॅनेल बंद पडले म्हणून नव्हे. प्रवर्तकांनी समूहाच्या कर्जापोटी शेअर गहाण ठेवले होते आणि ते विकले जातील ही धास्ती होती. पुढे प्रवर्तकांचा हिस्सा चार टक्क्यांच्या आसपास उरला. विलीनीकरणाच्या आशेवरही खरेदी करू नका. सोनीनं २२ जानेवारी २०२४ रोजी झीबरोबरचा करार मोडला आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ३० टक्के कोसळला. जे फक्त त्या बातमीसाठी शिरले होते त्यांच्याकडे धंद्याबद्दल स्वतःचं मत नव्हतं, त्यामुळे थांबायचं की निघायचं हेही ठरवता आलं नाही.

पायरी ८: आजचा भाव काय गृहीत धरतोय

चौथ्या पायरीतल्या ॲपकडे परत येऊ. समजा त्याचे ५ लाख ग्राहक झाले आणि नूतनीकरण ४० टक्के आहे. ३६० गुणिले ५ लाख म्हणजे १८ कोटी, वजा १२ कोटी, उरले ६ कोटी. कंपनी कर साधारण २५ टक्के, म्हणजे हाती साडेचार कोटी. बाजार त्या कंपनीची किंमत ३०० कोटी लावत असेल तर नफ्याच्या सुमारे ६७ पट. आता उलटं गणित करा. ३०० कोटी ही किंमत नफ्याच्या २० पट वाटायला १५ कोटी नफा हवा, करापूर्वी २० कोटी, आणि त्यासाठी जवळजवळ ९ लाख ग्राहक. तेवढी पैसे देणारी मराठी घरं हे ॲप किती वर्षांत मिळवेल? यावर तुमचं मत तयार झालं की भाव महाग की रास्त ते तुम्हाला कळेल, दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

नेटफ्लिक्सबद्दल २० एप्रिल २०२२ ला असंच झालं. २२ कोटी ग्राहकांतले २ लाख घटले, हजारात एकही नाही, तरी शेअर दिवसात ३५ टक्के पडला. शिवाय त्या तिमाहीत रशियातून बाहेर पडल्यानं ७ लाख ग्राहक गेले होते. ते वगळले तर वाढच होती. पण भावात वेगवान वाढ गृहीत होती आणि कंपनीनं पुढच्या तिमाहीत २० लाख घटतील असं सांगितलं. प्रत्यक्षात दहा लाखांच्या आत घटले. ज्यांनी रोकड आणि टिकाऊपणा पाहिला होता त्यांना ती पडझड खरेदीची संधी वाटली.

सुरुवात कशी करायची

एकच कंपनी घ्या. तिचे गेल्या आठ तिमाह्यांचे निकाल आणि उतारे उतरवून घ्या. एका कागदावर प्रत्येक तिमाहीसमोर ग्राहक, दरडोई उत्पन्न, सबस्क्रिप्शनचा वाटा, कामकाजाची रोकड आणि कर्ज लिहा. गहाण शेअर शेवटच्या रकान्यात. निम्मे रकाने रिकामे राहिले तर ती कंपनी नवख्यासाठी नाही.

फोनवर आलेल्या टिपेला उत्तर देऊ नका. शेअरबाजार इंदूरला नवा नाही, मध्य प्रदेश स्टॉक एक्स्चेंज इथेच होतं. पण गेल्या दीड दशकात खात्रीच्या नफ्याचं आमिष दाखवणाऱ्या सल्लागार कंपन्याही इथून भरपूर चालल्या आणि सेबीला अनेकांवर कारवाई करावी लागली. सल्ला हवाच असेल तर सेबीच्या वेबसाइटवर नोंदणी क्रमांक टाकून तपासा. नफ्याची हमी देणारा नोंदणीकृत असला तरी नियम मोडतोय.

खरेदी करायचं ठरलंच तर एकदम सगळी रक्कम घालू नका. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत (मार्चच्या तिमाहीचे ६० दिवसांत) निकाल येतात. ठरवलेल्या रकमेचा एक भाग आज आणि बाकीचा पुढच्या दोन निकालांनंतर. आणि खरेदीच्या दिवशीच त्या कागदाच्या मागे तारीख घालून लिहा की कुठली गोष्ट घडली तर मी विकेन: सलग दोन तिमाह्या दरडोई उत्पन्न आणि ग्राहक दोन्ही घटले, आगाऊ वर्गणीची ओळ वर्षभरात आक्रसली, किंवा प्रवर्तकांचं गहाण वाढलं. भाव किती पडला तर, हे या यादीत लिहू नका.